फॉरमॅट मारून घे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतबहिणीचा मेसेज आला. "लॅपटॉप सारखा बंद पडतोय. दिवसातून दोनदा तरी. काय करू?" पुढच्या दहा मिनिटांत सहा उत्तरं आली. त्यातली चार "फॉरमॅट मार" अशी होती. एकाने "व्हायरस असणार" असं निदान केलं (म्हणजे शेवटी फॉरमॅटच). आणि धाकट्या काकांनी नेहमीप्रमाणे हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते कशासाठी ते कळलं नाही. :-)

लॅपटॉप कधी बंद पडतो, कसा बंद पडतो, पडताना स्क्रीनवर काय दिसतं, हे एकानेही विचारलं नाही.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. ताईला सरळ फोन केला आणि सांगितलं, आज काहीही करू नकोस आणि दुकानात तर मुळीच नेऊ नकोस. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? विंडोजच तर परत टाकायचंय." त्या 'एवढं काय त्यात'चं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून ही पोस्ट. थोडी लांबेल. नातेवाईक मंडळींनी निदान आत्याचा भाग तरी वाचा. त्यात काय झालं ते तुम्हाला अर्धंमुर्धं माहीत आहे, आणि त्यातला माझा वाटा तर मी आजवर कोणाला सांगितलेलाच नाही.

आमची आत्या चिपळूणला असते. शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने एक उद्योग सुरू केला. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायचं, चहा प्यायचा, आणि त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, ते मोठं काम. आत्याचं काम घरगुती. एक छोटा रेकॉर्डर, एक वही आणि एसटीचा पास. घरी आली की रेकॉर्डिंग लॅपटॉपमधे टाकायची आणि ऐकत ऐकत टाइप करायची. २०१७ मधे मीच तिला तो लॅपटॉप घेऊन दिला होता. चार जीबी रॅम कमी पडेल म्हणून घेतानाच दुकानदाराकडून चार जीबीची जास्तीची पट्टी बसवून घेतली होती. ही पट्टी लक्षात ठेवा.

२०२३ च्या जूनमधे तो लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला. निळा पडदा यायचा, त्यावर तो रडका चेहरा, आणि दोन-चार सेकंदांत मशीन आपोआप परत सुरू. आत्याने मला फोन केला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमधे होतो. म्हणजे मीटिंग चालू होती आणि मी हळू आवाजात बोलत होतो. ती सविस्तर सांगायला लागली, "अरे, काल सकाळी फोटो उघडले तेव्हा..." मी तिला तोडलं आणि म्हणालो, "आत्या, विंडोज गेलं असेल. दुकानात देऊन फॉरमॅट मारून घे."

घरात आयटीतला म्हणून माझ्या शब्दाला वजन. तिने दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा तिचाच विद्यार्थी. त्याने रीतसर विचारलं, "बाई, सी मधे काही महत्त्वाचं आहे का?" आत्या म्हणाली, "नाही रे, माझं सगळं डेस्कटॉपवर आहे."

ज्यांना यातली गोम कळली त्यांच्या पोटात आत्ताच खड्डा पडला असेल. ज्यांना कळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेस्कटॉप म्हणजे समोर जो दिसतो तो. पण तो राहतो सी ड्राइव्हच्या आतच. सी पुसला की डेस्कटॉपही गेला. त्याने विचारलं ते बरोबर होतं आणि तिने सांगितलं तेही तिच्या परीने खरंच होतं. दोघेही प्रामाणिक, आणि सहा वर्षांचं काम वीस मिनिटांत पुसलं गेलं. संध्याकाळी आत्याचा फोन. "अरे, माझा 'बायका' नावाचा फोल्डर दिसत नाहीये. कुठे ठेवला असेल त्याने?"

आणि अकराव्या दिवशी लॅपटॉप पुन्हा बंद पडला. तोच निळा पडदा, तोच रडका चेहरा.

फोल्डर गेला तो गेलाच, पण ज्या कारणासाठी तो घालवला ते कारण जिथल्या तिथेच होतं. आणि या सगळ्यात आत्या काय म्हणाली असेल? "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेन रे." हे वाक्य मी आईच्या, काकांच्या, शेजारच्या आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला राग येतो. त्यांचा नाही, आपला. मशीन बंद पडलं की आपण सगळ्यात पहिल्यांदा विचारतो, "काय केलंस तू?" वापरणारा माणूस हा आपला पहिला संशयित, विंडोज दुसरा. आणि ज्या लोखंडा-प्लास्टिकवर हे सगळं चालतं त्याच्यावर संशय घ्यायचं आपल्याला सुचतच नाही. ते दिसायला धडधाकट असतं ना!

खरं तर बिघाड हार्डवेअरचा की ऑपरेटिंग सिस्टमचा, हे खुर्चीत बसून नुसतं बघून कळत नाही. जुनं एक उदाहरण देतो. २००७ साली विंडोज व्हिस्टा नवीन होती आणि सारखी कोसळायची. सगळं जग मायक्रोसॉफ्टला शिव्या देत होतं. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यातल्या यादीत व्हिस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी जवळजवळ २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झालेले होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या चुका त्याहून कमी, १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोष विंडोजचाही नाही आणि चिपचाही नाही, दोघांच्या मधे बसलेल्या दुभाष्याचा. आणि गंमत बघा, २००८ च्या जुलैमधे त्याच एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही ग्राफिक्स चिप खरोखरच सदोष आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. चिप तापून-थंड होऊन तिचे जोड निकामी होत होते. म्हणजे त्या एक-दोन वर्षांत एकाच कंपनीची चिप असलेल्या दोन लॅपटॉपचे पडदे सारखेच गेले असतील. एकाला नवा ड्रायव्हर टाकला की झालं, आणि दुसऱ्याला दहा वेळा फॉरमॅट मारला तरी काही उपयोग नाही. बाहेरून दोघांचं दुखणं एकच!

उलटं उदाहरण अगदी अलीकडचं. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. हैदराबाद विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. तिथे हार्डवेअर ठणठणीत होतं. सेफ मोडमधे जाऊन ती एक फाइल काढली की मशीन पूर्वीसारखं. त्या दिवशी कोणी घाईघाईने फॉरमॅट मारला असेल तर त्याने एक फाइल काढण्यासाठी घर जाळलं.

तेव्हा मुद्दा असा की फॉरमॅट हे औषध आहे. काही दुखण्यांवर चांगलं औषध आहे, मी स्वतः कितीदा तरी वापरलंय. पण ते असं औषध आहे की दिल्यावर रोग कोणता होता ते कधीच कळत नाही. विंडोज कोसळताना मागे बरंच काही लिहून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअरमधे नोंदी असतात, मिनिडंप नावाच्या छोट्या फाइली असतात, रिलायबिलिटी मॉनिटरमधे कुठल्या दिवशी काय झालं त्याचा तक्ता असतो. फॉरमॅटमधे हे सगळं जातं. चोरी झाल्यावर पोलिस यायच्या आधी घर झाडून-पुसून ठेवण्यातला प्रकार.

त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते. मी दोन दिवस आधीच चिपळूणला गेलो, अर्थात अपराधी चेहऱ्याने. रात्री जेवणं झाल्यावर आत्याला विचारलं, "बंद पडताना नेमकं काय होतं गं?" जूनमधे जो प्रश्न विचारायचा तो सप्टेंबरमधे विचारला.

आत्या उठली आणि देवघराच्या फळीवरून शंभर पानी वही घेऊन आली.

तिने सगळं लिहून ठेवलं होतं! तारीख, वेळ, काय चालू होतं, काय दिसलं. "ता. १२, सकाळी ९। वाजता. फोटो उघडले असता. निळा पडदा." पुढे इंग्रजी अक्षरं, जितकी टिपता आली तितकी. खाली कंसात "पूर्ण लिहून होईना, लगेच जाते". छत्तीस वर्षं शाळेत हजेरी भरलेली बाई ती, नोंद ठेवणारच. जूनमधे फोनवर ती मला हेच वाचून दाखवणार होती. मी मीटिंगमधे होतो.

त्या वहीतली तीन पानं वाचूनच मला अर्धं उत्तर कळलं. सांगतो कसं.

पहिली गोष्ट, मशीन 'बंद पडतं' म्हणजे काय होतं ते बघायचं. निळा पडदा येणं वेगळं, चित्र गोठून बसणं वेगळं आणि दिवा गेल्यासारखं टप्पकन काळोख होणं वेगळं. (विंडोज ११ मधे २०२५ पासून निळ्याचा काळा पडदा झालाय, आणि रडका चेहराही गेला. तेवढंच एक दुःख कमी.) पडदा येतो तेव्हा निदान विंडोजला कळलेलं असतं की काहीतरी बिनसलंय, आणि सांगायला वेळ मिळालेला असतो. टप्पकन काळोख होतो तेव्हा विंडोजलाही पत्ता नसतो. तिथे वीज, बॅटरी, चार्जर नाहीतर उष्णता यांच्याकडे आधी बघावं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मशीन थेट बंद करतो. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमधे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि लोक तिलाच कारण समजतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते तिला माहीत नसतं.

(ताई, तुझा लॅपटॉप पडदाबिडदा न दाखवता बंद होतो, चिरंजीव गेम खेळत असतानाच होतो, आणि चिरंजीव तो गादीवर ठेवून खेळतात. खालची हवा आत जायची जाळी गादीत रुतलेली. पंख्यात धुळीचा नमदा झाला असेल. आधी साफ करून टेबलावर ठेवून बघ. फॉरमॅटने धूळ जात नाही.)

दुसरी गोष्ट, पडद्यावरचा कोड. तो घाईत निघून जातो कारण विंडोज आपोआप रीस्टार्ट होते. ती खूण सेटिंगमधून काढून टाकता येते, मग पडदा थांबतो, मोबाइलने फोटो काढता येतो. दर वेळी एकच कोड आणि त्यात एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर सॉफ्टवेअरवर संशय बळावतो. दर वेळी वेगळा कोड, वेगळ्या वेळी, वेगळं काम करताना, असं असेल तर मला रॅमचा वास येतो. रॅममधला एखादा कण खराब असला की तिथे कधी फोटोचा तुकडा असतो, कधी विंडोजचा स्वतःचा. ज्याचा तुकडा नासेल तो ओरडतो. हा काही न्यूटनचा नियम नाही, अपवाद असतात. पण आत्याच्या वहीत सात नोंदींमधे पाच वेगवेगळे कोड होते. आणि सातही वेळा पुष्कळ काही एकदम उघडलेलं होतं, म्हणजे रॅम भरलेली होती. कमी वापरात त्या खराब कोपऱ्याला बहुधा हात लागत नसावा.

आणि फॉरमॅटनंतर अकरा दिवसांनी पुन्हा तेच झालं, हाही पुरावाच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरच्या नोंदी तपासून एक शोधनिबंध लिहिला होता. आठ महिन्यांत निदान तीस दिवसांइतकं काम केलेल्या मशीनपैकी प्रोसेसरच्या बिघाडाने कोसळण्याची शक्यता १९० मधे एक. पण जे एकदा कोसळलं ते पुन्हा कोसळण्याची शक्यता ३.३ मधे एक. हार्डवेअरचं दुखणं एकदा दिसलं की ते परत येतंच असं समजावं. 'एकदाच झालं, आता बरं आहे' हे वाक्य तिथे फार फसवं.

मग तपासणी. यातलं सगळ्यात सोपं आणि मला सगळ्यात आवडणारं हत्यार म्हणजे लिनक्सचा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं, लॅपटॉपमधल्या डिस्कला हात न लावता. आता विंडोज रिंगणातच नाही. तरीही मशीन कोसळलं तर दोष विंडोजवर ढकलता येत नाही. नाही कोसळलं तर मात्र लगेच हुरळून जायचं नाही, कारण या खेळात डिस्कही बाहेरच बसलेली असते, म्हणजे डिस्क आणि विंडोज हे दोन्ही संशयित उरतात. डिस्कची तब्येत वेगळी बघावी लागते. ती स्वतःच आपल्या खराब जागांचा हिशोब ठेवते आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधे तो दिसतो.

आत्याच्या लॅपटॉपवर मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, ढीगभर फोटो आणि ब्राउझरचे टॅब उघडले, आणि आम्ही मोदकाच्या पिठाबद्दल बोलत बसलो. चाळीसेक मिनिटांत चित्र गोठलं. मग रात्रभर मेमटेस्ट८६+ लावून ठेवला. तोही फुकट, तोही पेनड्राइव्हवरूनच चालतो. रॅममधे एक नमुना लिहायचा, परत वाचायचा, तोच आला का बघायचं, एवढंच काम तो अक्कल न वापरता तासन् तास करतो. पहाटे पाचला आत्यानेच मला उठवलं. "अरे, स्क्रीनवर लाल लाल काहीतरी आलंय, मी कशाला हात लावला नाहीये हां."

मागचं झाकण उघडलं. दोन पट्ट्या. जास्तीची काढली, परत मेमटेस्ट. दुपारपर्यंत एकही लाल ओळ नाही. मग मूळ पट्टी काढून त्याच जागी जास्तीची बसवली, कारण दोष पट्टीचा की खाचेचा ते ठरायला हवं. लाल ओळी परत आल्या. संपलं. दीड हजार रुपयांच्या आतली पट्टी, आणि ती सुद्धा मीच हौसेने बसवून घेतलेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी जी मला स्वतःला तेव्हा उशिरा सुचली. खराब रॅममुळे मशीन कोसळतं हे खरं तर त्यातलं बरं. वाईट हे की ते न कोसळताही फाइली नासवू शकतं. कॉपी करताना फाइल रॅममधून जाते. वाटेत एखादा बिट बदलला तर बदललेलीच फाइल दुसरीकडे उतरते, आणि कुठेही काही ओरडा नाही. गूगलने आपल्या सर्व्हरच्या रॅमचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमधे चुका आढळल्या होत्या. त्या सर्व्हरमधे चूक पकडणारी रॅम असते, म्हणून तर मोजता आलं. आपल्या लॅपटॉपमधे सहसा ती नसते. म्हणून 'आधी बॅकअप घ्या' हा सल्ला बरोबर असला तरी अर्धा आहे. संशय हार्डवेअरचा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या, धड मशीनला जोडून बॅकअप घ्यावा. आजारी माणसाकडूनच त्याच्या मृत्युपत्राची नक्कल करून घेऊ नये.

आता दुकानदाराबद्दल. आमच्या घरात त्या मुलाला बरंच बोललं गेलं. मला ते पटत नाही. फॉरमॅटचे त्याला पाचशे रुपये मिळतात आणि काम तासाभरात होतं. रॅम तपासायला त्याने मशीन रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाई, पट्टी खराब आहे, काढली, तपासणीचे पाचशे द्या", तर आपल्यातले किती जण निमूट देतील? "नुसतं बघायचे पाचशे?" असं म्हणणारे निदान चार जण मी याच ब्लॉगच्या वाचकांत दाखवू शकतो. डॉक्टरने नुसतं तपासलं तरी आपण फी देतो, कारण तपासणी हेच काम आहे हे आपल्याला मान्य आहे. मशीनच्या बाबतीत मात्र आपण फक्त औषधाचे पैसे देतो. मग तोही औषधच देतो. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चुकलं माझं. मला यातलं सगळं येत होतं, आणि मी दोन मिनिटं ऐकून घेतलं नाही.

हे आत्ता लिहायचं आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून फॉरमॅटच्या जोडीला नवीन मंत्र ऐकू येतो, "विंडोज जुनी झाली, म्हणून बंद पडतोय, नवीन लॅपटॉप घ्या." सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट मिळत नाहीत. त्याची काळजी जरूर करावी. पण सपोर्ट संपला म्हणून मशीन सकाळ-संध्याकाळ टप्पकन बंद पडायला लागत नाही. ती धूळ असते, चार्जर असतो, नाहीतर अशीच एखादी पट्टी. आत्याचा २०१७ चा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलंय, आणि चार जीबीच्या एकाच पट्टीवर तो कुरकुरत का होईना पण न पडता चालतो. तिला टाइप करायचं असतं आणि ऐकायचं असतं. तेवढं होतं.

ऐकायचं काय, ते सांगायचं राहिलं.

त्या गणपतीत मी ती डिस्क काढून पुण्याला आणली आणि माझ्या मशीनला जोडून, पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम तिच्यावर सोडला. फॉरमॅटनंतर विंडोज परत टाकलेली, शिवाय वर अडीच महिने वापर झालेला. त्यामुळे बऱ्याच जागांवर नवीन काहीतरी लिहिलं गेलं होतं. टाइप केलेलं जवळजवळ काहीच मिळालं नाही. थोडंफार तिने छापून ठेवलं होतं, तेवढं वाचलं. दोनशे तीस-चाळीस रेकॉर्डिंग होती, त्यातली एकशे सेहेचाळीस मिळाली. काही अर्ध्यावर तुटतात, काहींत मधेच नुसती खरखर आहे. ती फॉरमॅटची की पट्टीची, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

आणि नावं गेली. असा प्रोग्रॅम फाइलीतला मजकूर बाहेर काढतो, पण तिचं नाव त्याला सापडत नाही. तो आपला क्रमांक देतो. कुठलं गाव, कुठली बाई, कधी, काही नाही. एकशे सेहेचाळीस आकडे.

आत्याने नवीन वही केली. रोज दुपारी कानाला हेडफोन लावून बसते, एकेक फाइल ऐकते आणि आवाजावरून ओळखते. आवाजावरून नाही ओळखता आलं तर मागच्या आवाजांवरून. एकीच्या मागे सतत कोंबड्या असतात, एकीचा नातू दर दोन मिनिटांनी "आजी, मोबाइल दे" म्हणतो, एकीकडे गिरणीचा पट्टा फिरतोय. ओळख पटली की आकड्यासमोर नाव लिहिते. त्यातल्या काही बायका आता नाहीत, त्यांच्या नावापुढे काही खूण करत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कशाला? म्हणतायत ना."

गेल्या दिवाळीला मी गेलो तेव्हा सदतीस फाइली बिननावाच्या उरल्या होत्या. भाऊबीजेच्या दुपारी तिने त्यातली एक समोरच्या आळीतल्या आजींना लावून दाखवली. आजी दोन ओळी ऐकून म्हणाल्या, "अगं, ही माझी नणंद."

आता छत्तीस आहेत.